पंचेचाळीस अंशांत ड्रायर

जळगावात राहून कपडे वाळवायचं यंत्र विकत घेणारा माणूस म्हणून माझं नाव पिंप्राळ्यात अजून काही वर्षं तरी निघत राहील. चांगल्या अर्थाने निघेल असा माझा दावा नाही. आमच्या गावात मे महिन्यात ओला टॉवेल घेऊन गच्चीकडे निघावं, तर तो दुसऱ्या मजल्यावरच वाळतो. पुढचा जिना आपण केवळ रीत म्हणून चढतो. इथलं ऊन कुणी डब्यात भरून न्यायला तयार झालं असतं, तर आम्हा सगळ्यांची घरपट्टी कायमची माफ झाली असती.

अशा गावात मी ड्रायर घेतला. का घेतला ते आधी ऐका आणि मग हसा. आजवर भेटलेल्या सगळ्यांनी हे काम उलट क्रमाने केलं आहे.

माझी बायको वृषाली शाळेत गणित शिकवते. परीक्षांचे पेपर तपासता तपासता तिचा उजवा खांदा दुखायला लागला आणि सुट्ट्या लागेपर्यंत हात वर जायचाच थांबला. हाडांच्या डॉक्टरांनी तो हात चारी दिशांना फिरवून पाहिला आणि म्हणाले, "खांदा गोठलाय." बाहेर पारा पंचेचाळीसवर, दवाखान्यातला कूलर गरम वाफा फेकतोय, आणि अख्ख्या जिल्ह्यात गोठायचं ते नेमकं आमच्या घरात गोठलं, असं मी बोलून दाखवलं. डॉक्टर हसले. वृषाली हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "शाळा उघडेपर्यंत हात फळ्याच्या वरच्या कडेला पोचेल का?"

हा प्रश्न तिच्या दृष्टीने फार मोठा होता. ती तासाच्या सुरुवातीला फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिते आणि तिथून एकेक पायरी करत गणित खाली उतरवते. मुख्याध्यापकांनी आधीच गोड शब्दांत सुचवलं होतं, की हात बरा नसेल तर मॅडम, यंदा ग्रंथालय सांभाळा. त्यांचं ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, आणि त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली. "फळा नसेल तर मी शाळेत जाऊन करू काय?" असं ती आदल्या दिवशी मला म्हणाली होती.

"पोचेल," डॉक्टर म्हणाले. "पण दोन गोष्टी पाळा. मुंगी चढते तशी बोटं रोज भिंतीवर चालवायची, जमेल तेवढी वर. आणि वजन घेऊन हात वर करायचा नाही. ओले कपडे दोरीवर टाकणं एकदम बंद."

"आजपासून ही दोरीला हात लावणार नाही, डॉक्टर," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "माझा शब्द."

मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. असे शब्द मी टेबलापलीकडच्या लोकांना रोजच देतो. पण ते शब्द घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी आपल्याच घरात चहा घेऊन समोर येत नाही, हा फरक माझ्या उशिरा लक्षात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे धुऊन झाले आणि बादली दारात येऊन बसली. घासायला-पुसायला येणाऱ्या बेबाबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून गच्चीला साफ नकार दिला. पुढच्या गॅलरीत दोरी बांधावी तर सोसायटीचा नियम आडवा येत होता. इमारतीची शोभा जाते म्हणून दर्शनी बाजूला कपडे वाळत घालू नयेत, असा ठराव तीन वर्षांपूर्वी सेक्रेटरीने फार आग्रहाने मंजूर करून घेतला होता. सेक्रेटरी मीच आहे. मागच्या गॅलरीत एक माणूस आडवा उभा राहिला की जागा संपते. शेवटी मी इकडेतिकडे पाहून बादली उचलली आणि वर गेलो.

मे महिन्यात आमची गच्ची आमची नसते. ती बायकांची असते. ज्वारीचं पीठ शिजवून थापलेले बिबडे सगळीकडे जुन्या साड्यांवर पसरलेले असतात आणि मधोमध छत्रीखाली, कावळे हाकलायची काठी घेऊन, भिकुबाई अक्का बसलेल्या असतात. अक्का आमच्या शेजारच्या, मूळच्या पारोळ्याकडच्या. वय विचारायची कुणाची हिंमत नाही. मी जिन्यातून बादलीसह उगवलो तशी गच्चीवरची सगळी बोलणी थांबली. मी मान खाली घालून पहिला कपडा उचलला, तर नेमका वृषालीचा परकर हाताला लागला. परकर दोरीवर नाडीकडून टाकायचा की घेराकडून, हे आम्हाला कोणत्याही खातेनिहाय परीक्षेत नव्हतं. मी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिलो.

"भाऊ, तो परकर शे, झेंडा नही," अक्का म्हणाल्या. "असा काय फडकाई राह्यनात?"

गच्चीभर हशा पिकला. त्या गडबडीत मी परकर पिळायचाच राहिला आहे हे विसरून तो झटकला, आणि त्याचं सगळं पाणी खालच्या साडीवरच्या बिबड्यांवर गेलं. हसू थांबलं.

"बठ्ठा बिबडा वला करी टाका ना!" अक्का काठी घेऊन उठल्या. कावळ्यांना त्या काठीची भीती का वाटते, ते मला त्या दिवशी समजलं.

संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, की आपण ड्रायर घेणार. ओले कपडे आत टाकायचे, बटण दाबायचं, कोरडे बाहेर काढायचे. गच्ची नको, दोरी नको, अक्का नको. मी बराच वेळ आणि बऱ्याच मोठ्या आवाजात बोललो असणार. वृषालीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. "बघा मग," ती म्हणाली. मी ते प्रोत्साहन समजलो.

बातमी रात्रीतून इमारतभर झाली. सकाळी तळमजल्यावरचे सुपडू नाना मला फाटकाशीच भेटले. नानांचं सगळं आयुष्य सावद्याला केळीच्या व्यापारात गेलं. आता तिथलं काम पुतण्या हितेंद्र पाहतो आणि नाना जळगावात राहून फोनवरून त्याला त्रास देतात.

"काय रे भो," नाना म्हणाले, "जयगावात ऊन कमी पडलं का तुले?"

मी त्यांना नीट समजावलं. मोबाइलवर बघून बघून मी तोवर या विषयात बराच पारंगत झालो होतो. ड्रायर मुख्यतः दोन जातींचे. एक जात कपड्यातली गरम वाफ नळीने घराबाहेर सोडते. दुसरी जात त्या वाफेचं पाणी करून आतल्या टाकीत साठवते. हे सांगेपर्यंत फाटकाशी पाच-सहा माणसं जमली आणि रीतसर चर्चा सुरू झाली. नळीची जात तर तिथल्या तिथे बाद झाली, कारण आमच्या मागच्या गॅलरीतून निघणारी नळी बरोबर नानांच्या खाटेवर येत होती. "आधीच भट्टीत झोपतो मी, वरून तू भाता लावशीन का?" असं त्यांनी विचारलं. टाकीच्या जातीला मात्र अक्कांनी जोरदार पाठिंबा दिला. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात कपड्यातून पाणी परत मिळतं म्हणजे काय! "ते पानी तुयशीले घालता येई ना?" असं विचारून त्यांनी आपली तुळस त्या टाकीवर नोंदवून टाकली. ज्या वस्तूला स्वतःच्या खिशातून काही द्यायचं नाही, तिच्याबाबत माणसांचं किती पटकन एकमत होतं!

सगळे पांगल्यावर नाना मागे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "एक सांग भो. त्याच्यात केयी वायतीन का?"

नानांना सुकेळीचं वेड आहे. उन्हात केळी वाळवायला दिवसच्या दिवस जातात, माशा बसतात, याचं दुःख ते अधूनमधून सांगत असतात. मला ऑफिसची घाई होती. "नाना, त्यात सगळंच वाळतं," मी म्हणालो आणि स्कूटरला किक मारली. या वाक्याचं पुढे काय होणार आहे हे कळलं असतं, तर मी त्या दिवशी रजा टाकून नानांना केळी आणि कापड यांतला फरक समजावत बसलो असतो.

जळगावातल्या दुकानांची हकीकत थोडक्यात सांगतो. प्रत्येक दुकानात मी "ड्रायर" म्हणायचो आणि विक्रेता "कूलर इकडे आहेत साहेब" म्हणून चालायला लागायचा. एका ठिकाणी त्याने आत जाऊन मालकाला जेवणावरून उठवलं. मालक हात पुसत आले, माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "आपण कुठले?"

"पिंप्राळ्याचा."

"म्हणजे इथलेच?" ते म्हणाले आणि थंड पाणी मागवलं. मला ऊन लागलं असावं असा त्यांचा समज झाला होता. पाणी मी प्यालो, कारण ते खरोखरच थंड होतं.

शेवटी धुळ्याहून माझा शालक प्रेमराज याचा फोन आला. "दाजी, आठे धुयाले या. मना दोस्तना दुकानमा एक पीस शे. कोनी हात लावा नही अजून." कुणीच हात लावलेला नाही ही गोष्ट त्याने यंत्राचा गुण म्हणून सांगितली.

आता, मी नोकरीत मुरलेला माणूस. चाचणी घेतल्याशिवाय वस्तू ताब्यात घेणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी घरातला एक टॉवेल, दोन बनियन आणि एक चादर चांगली भिजवली, पिळली, कापडी पिशवीत भरली आणि धुळ्याची एसटी पकडली. खिडकीची जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेतली, आणि खरं सांगतो, इतका सुखाचा प्रवास मी उन्हाळ्यात कधी केला नव्हता. एरंडोलपर्यंत मांडी गार होती. पारोळ्याला पिशवी जरा हलकी वाटली. धुळ्याला दुकानात पोचून मी दुकानदार दीपकशेठ यांच्यासमोर मोठ्या ऐटीत टॉवेल बाहेर काढला, तर तो घडीसह ताठ उभा राहिला.

"हे तर वाळलेले आहेत," दीपकशेठ म्हणाले.

मी चादर काढली. तीसुद्धा खडखडीत होती. एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, की एवढ्या लांबून तुम्ही वाळलेले कपडे कशाला आणलेत, आणि मी चादरीची घडी घालायला लागलो.

ही बहिणीच्या घरच्या अब्रूची वेळ आहे हे ओळखून प्रेमराजने तडक अंगातला शर्ट काढला. नवा कोरा, पिवळा, कॉटनचा शर्ट. संध्याकाळी मित्राच्या हळदीला जायचं म्हणून घातलेला. तो दुकानामागच्या नळाखाली भिजवून यंत्रात टाकला. यंत्र गोड आवाज काढत फिरू लागलं. रस्त्यावरची माणसं आत आली, काचेतून गरगरणारा शर्ट पाहू लागली, आणि बनियनवर उभा असलेला प्रेमराज प्रत्येकाला "मना शे" असं सांगू लागला. शिट्टी वाजली. दीपकशेठनी दार उघडून शर्ट बाहेर काढला. अगदी कोरडा, गरम, इस्त्री केल्यासारखा. प्रेमराजने तो अंगात घातला तेव्हा बाह्या कोपरापाशी थांबल्या आणि पोटावरची दोन बटणं एकमेकांकडे लांबून बघत राहिली.

"वाळला की नाही?" दीपकशेठ म्हणाले. ते नाकारता येत नव्हतं.

माझा चेहरा पाहून प्रेमराजने माझ्या पाठीवर हात ठेवला. "दाजी, मशीन चांगलं शे. शर्टच खराब व्हता." त्याच शर्टात तो हळदीला गेला. सासुरवाडीची इतकी चांगली माणसं नशिबाने मिळतात. मी यंत्र घेतलं.

धुळ्याहून आणायचं कसं, याचाही तोडगा प्रेमराजनेच काढला. केळी भरायला सावद्याकडे रिकामे ट्रक जातातच; त्यातला एक ओळखीचा ड्रायव्हर जाता जाता यंत्र पिंप्राळ्यात उतरवून देणार होता. मी त्या वेळी ऑफिसात असणार म्हणून मी ड्रायव्हरला सुपडू नानांचा नंबर दिला. दिवसभर घरी असणारा, वयाने मोठा, भरवशाचा माणूस! संध्याकाळी घरी आलो तर यंत्र नाही, आणि नाना माझी नजर चुकवून फाटकाला तेल घालत होते.

"नाना, ट्रक आला नाही?"

"आला व्हता."

"मग?"

"म्हटलं, सावद्यालेच जातो आहे तर जाऊ दे एक रात्र," नाना फाटकाशी बोलल्यासारखं बोलले. "हितेंद्र बघीन जरा. तूच म्हनला ना, सगयंच वायतं."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी नानांना घेऊन सावद्याला गेलो. हितेंद्रच्या केळी भरायच्या शेडमध्ये यंत्र मधोमध उभं होतं. भोवती सात-आठ माणसं दुखवट्याला आल्यासारखी उभी होती. "काका म्हने सगयंच वायतं," हितेंद्र पुटपुटला. त्यांनी चांगली पिकलेली केळी सोलली, व्यवस्थित आत रचली, दार लावलं आणि बटण दाबलं. आतला डबा फिरतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणारा मीच होतो, आणि मी स्कूटरवर होतो.

मी दार उघडलं. आत केळी नव्हती. म्हणजे होती, पण आता ती यंत्रापासून वेगळी राहिली नव्हती. सत्यनारायणाच्या शिऱ्यासारखा दरवळ शेडभर पसरला. नानांनी पुढे होऊन एक बोट आत फिरवलं, चाखलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "गोड झालं रे भो. वायलं नाही मात्र."

मला संताप आला होता. पण परतीच्या टेम्पोत नाना पुढे न बसता मागे यंत्राशेजारी बसले, आणि पिंप्राळ्यापर्यंत त्याला दोन्ही हातांनी धरून राहिले. नंतर कितीतरी दिवस ते दुपारी जुना ब्रश आणि गरम पाणी घेऊन आमच्याकडे यायचे, यंत्रात डोकं घालून त्याचं एकेक भोक साफ करायचे आणि चहा न घेता जायचे. अशा माणसावर किती दिवस रागावणार!

यंत्र मागच्या गॅलरीतच बसलं. जाड पिनेचा प्लग तिथल्याच भिंतीवर होता. आणि नेमकी तीच भिंत वृषालीची होती. रोज सकाळी ती तिथे उभी राहून बोटं मुंगीसारखी वर चालवायची. दात ओठांवर घट्ट, डोळ्यांत पाणी. जिथे बोटं थांबतील तिथे डाव्या हाताने खडूची बारीक रेघ ओढायची. पहिल्या रेघा छातीच्याही खाली होत्या. मी पाणी आणून द्यायचो. यंत्र ठेवल्यावर त्या खालच्या रेघा त्याच्यामागे गेल्या. "तुझ्या खुणा झाकल्या गेल्या," मी ओशाळून म्हणालो.

"असू द्या," ती म्हणाली. "खालच्या आता लागणार नाहीत."

यंत्र साफ झालं तशी मी उद्घाटनाची तिथी ठरवली. अख्खी इमारत आली. अक्कांनी यंत्राला कुंकू लावलं, नारळ फोडला, तुळशीसाठी तांब्याही सोबत आणला. भर दुपारी मी बटण दाबलं. यंत्राने एक दीर्घ श्वास घेतला, आणि सगळ्या इमारतीचे कूलर एकदम बंद पडले. जळगावात मे महिन्यात कूलर बंद पडल्यावर घराघरांतून जो आवाज निघतो, तो मी लिहून दाखवू शकत नाही. इलेक्ट्रिशियनने मीटरच्या पेटीत डोकावून निदान केलं: इमारतीची वायर जुनी, भार वाढवून घ्यावा लागेल, अर्ज करा.

वीज कार्यालयात खिडकीपलीकडे बसलेला माणूस अगदी माझ्यासारखा होता. तोच चष्मा, तीच नजर, अर्जाकडे न बघता "उद्या या" म्हणायची तीच लकब. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या वेळी अर्जाला जोडपत्र नव्हतं. मला राग येण्याऐवजी कौतुक वाटत होतं. एवढी स्वच्छ हातोटी हल्लीच्या नव्या मुलांत दिसत नाही. अखेर त्याने अर्ज वाचायला घेतला. "भारवाढीचं कारण" यापुढे मी "कपडे वाळवणे" असं लिहिलं होतं. त्याने ते वाचलं, चष्मा काढला, खिडकीबाहेरच्या पांढऱ्याफटक उन्हाकडे बराच वेळ पाहिलं आणि पलीकडच्या टेबलांना हाक मारली.

"बसा साहेब," त्याने मला खुर्ची दिली. चहा मागवला. "आता पहिल्यापासून सांगा. यांनाही ऐकू द्या."

मी सांगितलं. धुळ्याच्या एसटीपाशी आलो तेव्हा एकाला ठसका लागला. काम मात्र "जूनमध्ये बघू" यावर अडलं ते अडलंच.

या सगळ्या काळात कपडे कुणी वाळत घातले, असं आपण विचाराल. मीच घातले. यंत्र येणारच आहे, तोवर चार दिवस, असं म्हणत मी रोज बादली घेऊन वर जात होतो. सुरुवातीला बादलीवर टॉवेल झाकून न्यायचो. जिन्यात कुणी भेटलं तर गच्चीवरच्या टाकीचं काम काढलंय असं भासवायचो. पुढे टॉवेल झाकायचं राहून गेलं. अक्कांनी मला शिष्य करून घेतलं. झटकायचं ते बिबड्यांकडे पाठ करून, शर्ट खालच्या कडेने टांगायचा, रंगीत कपडा उलटा करायचा, चादर दोन दोऱ्यांवर ताणायची. मी परकर एका झटक्यात नीट टाकला, त्या दिवशी त्यांनी मला अर्धवट वाळलेला ओलसर बिबडा तेल लावून खायला दिला. गच्चीवर हा मान सगळ्यांना मिळत नाही. पुढेपुढे तर त्या दुपारी डुलकी काढायच्या तेव्हा काठी माझ्याकडे असायची. समोरच्या इमारतीतून आमच्या ऑफिसच्या एका सहकाऱ्याने मला काठी घेऊन कावळ्यांच्या मागे धावताना पाहिलं आणि ऑफिसात सांगितलं. मी खुलासा केला नाही. कावळ्यांचं काम त्याला समजलं नसतं.

बिबडे डब्यांत गेले, गच्ची रिकामी झाली, आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वीज कार्यालयाची माणसं येऊन नवी वायर टाकून गेली. "कपडेवाले साहेब इथेच राहतात ना?" असं विचारत ती आली होती. मी कपड्यांची बादली घेऊन यंत्रासमोर उभा राहिलो. बोट बटणावर ठेवलं.

"थांबा," वृषाली म्हणाली. "आज एकदा वर जाऊ. मीही येते."

बादली मी घेतली. ती रिकाम्या हाताने, जिन्याचा कठडा धरत वर आली. ऊन उतरलं होतं. तिने बादलीतून माझा रुमाल उचलला, दोरीच्या खांबावर बोटं ठेवली आणि सवयीप्रमाणे ती वर चालवत नेली. एक क्षण थांबली, ओठ आवळले, आणि हात सरळ वर गेला. रुमाल दोरीवर पडला. तिने त्याला चिमटा लावला. मला इतका आनंद झाला की मी चिमटा नीट लागला आहे का ते तपासून पाहिलं.

"ही दोरी खाली बांधता आली असती, बरं का," ती सहज म्हणाली. "माझ्या खांद्याच्या खाली. पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं."

मी दोरीकडे पाहिलं. खांबाला साधी गाठ मारलेली होती. एका हाताने सोडून दोन हात खाली बांधली असती, की झालं. माझ्या डोळ्यांपुढून धुळ्याची एसटी गेली, प्रेमराजच्या पोटावरची बटणं गेली, हितेंद्रची शेड गेली, बंद पडलेले कूलर गेले.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते, त्या संध्याकाळी. पण तुम्ही यंत्र, यंत्र करत होतात, मध्ये बोलायला जागा कुठे होती? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळ्या बायका हसल्या असूनही तुम्ही पुन्हा बादली घेऊन वर निघालात." ती रुमाल सारखा करत राहिली. "मग म्हटलं, दोरी आहे तिथेच असू द्यावी. दोरी खाली आली असती, तर तुम्ही वर आला असतात का?"

मी बादलीतला परकर उचलला आणि एका झटक्यात दोरीवर टाकला.

यंत्राचं म्हणाल तर ते आता झकास चालतं. पावसाची झड लागली की अख्खी इमारत आपापल्या बादल्या घेऊन आमच्या दारात उभी असते, अक्कांच्या तुळशीला टाकीतलं पाणी जातं, आणि आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना पिकलेल्या केळीचा मंद वास येतो. नाना तो वास घेतात आणि समाधानाने मान हलवतात. बाकीच्या दिवसांत कपडे गच्चीवरच जातात. दोरी होती तिथेच आहे.

शाळेच्या पहिल्या दिवसाचं मात्र सांगायचं राहिलं. मी वृषालीला स्कूटरवरून सोडायला गेलो आणि सोडून लगेच निघालो नाही. वर्गाच्या मागच्या बाजूला जाऊन खिडकीशी उभा राहिलो. शाळेच्या शिपायाने विचारलं, "साहेब, काय पाहिजे?" मी त्याला हाताने गप्प केलं. मुलं उठली, बसली. वृषालीने खडू घेतला, फळ्याच्या कडेशी गेली, आणि तिची बोटं फळ्यावर टेकली. बोटं हळूहळू वर चढू लागली. अर्ध्यावर थांबली. मी खिडकीचा गज घट्ट धरला. मग हात उचलला गेला, पार वरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिने तिथे ठसठशीत अक्षरात तारीख लिहिली.

मला भरून आलं. दोन्ही डोळे वाहू लागले आणि खिशात रुमाल नव्हता. तो अजून गच्चीवरच होता. शिपाई काळजीने जवळ आला, पण तोवर माझे गाल कोरडे झाले होते. जळगावात तेवढं वाळवायला यंत्र लागत नाही.